'नये' फ्रेमबाहेर गेलं तेव्हा

नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांसाठी आम्ही रोज तालुकावार सल्ल्याचे उभे व्हिडिओ तयार करतो. मजकूर शीटमधून येतो, बाकी सगळं स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, करते. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी झाली होती, पावसाचा अंदाज होता. सकाळची बॅच तपासायला गेली आणि आमच्या कृषीतज्ज्ञांचा फोन आला, "अहो, हे पाठवू नका. यात 'फवारणी करू' असं दिसतंय!"

मूळ वाक्य होतं: 'निफाड तालुक्यात पावसाची शक्यता, आज द्राक्षबागेत फवारणी करू नये'. पडद्यावर होतं: 'ड तालुक्यात पावसाची शक्यता, आज द्राक्षबागेत फवारणी करू'.

व्हिडिओ बनवणाऱ्या एफएफएमपेग या प्रोग्रामचा, पडद्यावर मजकूर लिहिणारा ड्रॉटेक्स्ट फिल्टर लांब ओळ आपणहून तोडत नाही. मजकूर मधोमध ठेवायचं सूत्र म्हणजे फ्रेमच्या रुंदीतून मजकुराची रुंदी वजा करून दोनने भागायचं. फ्रेम १०८० पिक्सेल, वाक्य १२८०. उत्तर उणे १००. म्हणजे मजकूर अगदी बरोब्बर मधोमध, आणि दोन्हीकडून शंभर-शंभर पिक्सेल गायब. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, त्यामुळे नेमका तोच गेला. पावसाआधी मारलेलं औषध धुऊन जातं. त्या दिवशीचा खर्च आणि मजुरी कोण भरून देणार?

बॅच थांबवली. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या, मजकुराच्या ओळी पाडणाऱ्या टेक्स्टरॅपने ओळी पाडून पाहिल्या, पण ते युनिकोडची चिन्हं मोजतं. 'द्राक्ष' दिसायला दोन अक्षरं, मोजणीत सात. मोठ्या टायपातल्या शीर्षकात तर 'द्राक्षबागायतदारांनी' मधेच तुटलं आणि पुढची ओळ ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेल्या कान्याने सुरू झाली.

मग मोजणी सोडून मापच घ्यायचं ठरवलं. पायथॉनच्या पिलो या चित्रं बनवणाऱ्या लायब्ररीत एकेक शब्द जोडत ओळीची पिक्सेलमधली रुंदी बघायची, ९२० ओलांडली की नवी ओळ, आणि प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे मधोमध. माझ्या लॅपटॉपवर छान चाललं. सर्व्हरवर मात्र जोडाक्षरं सुटी, हलन्त उघडे. तिथे फ्रिबिडी लायब्ररी नव्हती, म्हणून पिलोचं राक्म, म्हणजे जोडाक्षरं नीट जुळवणारा भाग, चालूच होत नव्हतं. जोडाक्षर जुळत नसेल तर मापही चुकतं, हे देवनागरीत काम करणाऱ्याने आधी तपासावं.

तरी एक अडचण उरली. 'नये' एकटंच खालच्या ओळीत पडत होतं, आणि घाईत बघणारा वरची ओळ वाचून पुढे जातो. 'करू' आणि 'नये' यांच्यामध्ये न तुटणारी स्पेस घातली. पण वाक्याचे शब्द वेगळे करणारं पायथॉनचं नुसतं स्प्लिट त्या स्पेसवरही शब्द तोडतं. साधी स्पेस स्पष्ट सांगून तोडल्यावरच जोडी टिकली.

दुपारी बॅच गेली. आता चारपेक्षा जास्त ओळी झाल्या तर व्हिडिओ बनतच नाही, तालुक्याचं नाव आमच्या ग्रुपवर येतं. पहिलं नाव इगतपुरीचं आलं, भातकाढणीचा सल्ला सहा ओळींचा होता. कृषीतज्ज्ञांनी तो दोन फ्रेममध्ये विभागून दिला, आणि दोन्हींत क्रियापद पूर्ण ठेवलं.