दुखवट्याच्या रविवारी रद्द झालेला प्रयोग

६ फेब्रुवारी २०२२, रविवार. लताबाई मंगेशकर गेल्याची बातमी आली तेव्हा नेपथ्याचा टेम्पो गोदामातून निघायच्या बेतात होता. दुपारी साडेचारला आमच्या विनोदी नाटकाचा प्रयोग. मी व्यवस्थापक. निर्मात्यांशी बोलण्याआधी टेम्पोवाल्याला फोन केला, 'गाडी हलवू नकोस.' एकदा सामान निघालं की भाडं आणि हमाली अंगावर पडते.

निर्माते म्हणाले, 'आज लोकांना हसवायचं? मला नाही जमणार.' मलाही ते पटलं. तेवढ्यात आमच्या प्रायोजक सराफांचा फोन, 'प्रयोग करा नाहीतर करू नका, आज आमच्या पेढीचं नाव कुठे दिसायला नको.'

खरा गुंता इथे होता. केंद्राने दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला, पण त्यात सरकारी करमणुकीचे कार्यक्रम थांबतात. तिकीट लावून होणाऱ्या खासगी प्रयोगाला बंदी नव्हती. मार्च २०२० मध्ये सरकारनेच नाट्यगृहं बंद केली, तेव्हा कोणी कोणाला जाब विचारला नव्हता. आता रद्द करणारे आम्ही, आणि करारात कलम एवढंच: 'शासकीय आदेशामुळे प्रयोग न झाल्यास.' म्हणजे सराफ आगाऊ रक्कम परत मागू शकत होते आणि नाट्यगृह भाडं ठेवून घेऊ शकत होतं.

ऑनलाइन तिकिटांचे पैसे सहज परत गेले. खिडकीवर आणि फोनवर बुकिंग केलेल्यांना मात्र एकेकाला फोन लावत बसलो. सोमवारी राज्यात सुट्टी, बँका बंद. मंगळवारी सराफांच्या पेढीवर गेलो. त्यांनी पैसे परत मागण्याआधीच त्यांच्यासमोर पुढची तारीख ठेवली आणि त्याच रकमेत दोन प्रयोगांना फलक लावायचं कबूल केलं. ते राजी झाले. नाट्यगृहाने मात्र भाडं सोडलं नाही.

सगळ्यात जास्त वाद बॅकस्टेजच्या कामगारांच्या नाइटवरून, म्हणजे एका प्रयोगाच्या मेहनतान्यावरून झाला. अर्धी द्यावी, असं निर्मात्यांचं म्हणणं. करोनात ज्यांनी भाजीच्या गाड्या लावल्या, त्या मुलांनी हा रविवार आमच्यासाठी राखून ठेवला होता; दुसरीकडे काम धरलं नव्हतं. मी हट्टच धरला. पूर्ण नाइट दिली गेली.

त्यानंतरच्या करारांत 'शासकीय आदेश' या शब्दांपुढे 'किंवा सार्वजनिक दुखवटा' असं टाकून घेतो. प्रायोजकाची रक्कम पुढच्या प्रयोगाला वळती होईल, हेही त्याच कलमात असतं.