काय होया तर सांगा

यांच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन परळला टाटामध्ये झालं. मग सहा आठवडे शनिवार-रविवार सोडून रोज रेडिएशनचा शेक. मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. तिथे मी ठीक होते, आजूबाजूला सगळीच आमच्यासारखी माणसं. खरी कसोटी लागली ती देवगडला घरी आल्यावर.

नाकात नळी होती. दर दोन तासांनी पेज मिक्सरला लावायची, फडक्यातून गाळायची, यांना उशा लावून बसवायचं आणि सिरिंजने हळूहळू सोडायची. नंतर साध्या पाण्याने नळी धुवायची, अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. रात्रीही औषधासाठी उठायचं. खळ्यात आलेला जो तो म्हणायचा, "वैनी, काय होया तर सांगा हां." मी म्हणायचे, "नाय ओ, सगळा बरा आसा." मदत मागितली तर लोक म्हणतील, हिला नवरा सांभाळवत नाही. मुंबईला मुलालाही फोनवर हेच उत्तर.

एका रात्री झोपेच्या तारेत गोळी नीट कुटली नाही, पाणी सोडायचंही विसरले. नळी तुंबली. सकाळी रिक्षा करून दवाखान्यात गेलो. नळी बदलून झाल्यावर सिस्टरने माझंच बीपी बघितलं. १७० वर १००.

"हे आणखी कोणाला येतं?"

"कोणाला नाय."

"आणि तुम्ही पडलात तर?"

त्या रागावल्या नव्हत्या, तरी मला तिथेच रडू कोसळलं.

त्या रात्री १४४१६ ला फोन लावला. ही सरकारची टेलिमानस, मनावरचा ताण बोलायची हेल्पलाइन, फुकट असते, चोवीस तास, मराठीत बोलतात. पलीकडच्या बाईंनी मला थांबवलं नाही, बोलू दिलं. बहुतेक अर्धा तास मीच बोलत होते.

मग मागायला शिकले. नुसतं "मदत करा" म्हणून काही होत नाही; दिवस आणि काम सांगावं लागतं. जावेला म्हटलं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीन तास. ती आधी पेल्यातल्या पाण्यावर सिरिंज धरायला शिकली. एका भाचीने आंब्याच्या पेट्यांचं निमित्त करून दोनदा टाळलं. राग आला, पण सीझन होता, खोटंही नसेल. पुतण्याने टाटाच्या तपासणीआधी रेल्वेचा सवलतीचा फॉर्म डॉक्टरांची सही घेऊन आणला. स्लीपर आणि थ्री एसीत कॅन्सरच्या पेशंटला भाडं पूर्ण माफ, सोबतच्याला ७५ टक्के सवलत. आधीच्या खेपा आम्ही कणकवलीहून पूर्ण पैसे भरून केल्या होत्या! तेव्हाही कोणाला विचारलं नव्हतं.

पहिल्या मंगळवारी तीन तासांचं करायचं काय ते सुचेना. जावेच्याच घरी जाऊन झोपले. उठल्यावर तिच्या सुनेने ताट वाढलं, तळलेला बांगडा आणि भात. यांना खाता येत नाही म्हणून तीन महिने मी घरात मासा आणला नव्हता. हात साबणाने दोनदा धुऊन घरी आले, उशी सारखी करायला वाकले.

"बांगडो?" यांनी त्या अर्धवट उघडणाऱ्या तोंडाने विचारलं.

"होय," म्हटलं. "दोन खाल्लंय."