जामचा फाटा, ई-पास आणि चौदा दिवस

१२ मे २०२० ला सकाळी गावाहून शेजारच्या काकूंचा फोन आला. "बाई, घाबरू नको, पण तुही माय न्हाणीत घसरली." उजव्या मनगटाचं हाड मोडलं होतं. गावातल्या एका पोरानं तिला मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं, प्लास्टर घालून संध्याकाळी घरी आणूनही सोडलं. रात्री फोनवर आई म्हणाली, "डाव्या हातानं चहा मांडता येते मले." तिचा आवाज ऐकूनच मला कळलं की तेही जमत नाहीये.

आई अडुसष्ट वर्षांची. बाबा गेल्यापासून एकटीच राहते. गाव वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात, जामच्या फाट्यावरून थोडं आत. मी नागपुरात, मानेवाड्याला. एरवी गणेशपेठच्या स्टँडवरून एसटी धरली की जेवणाच्या वेळेपर्यंत तिच्या ओसरीवर. पण लॉकडाऊनमुळे एसटी मार्चपासून उभी होती. नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण ११ मार्चला सापडला होता, आणि मे उजाडेपर्यंत सतरंजीपुरा, मोमीनपुरा यांसारख्या वस्त्या चारही बाजूंनी बंद झाल्या होत्या. केंद्रानं १ मेला धोक्यानुसार जिल्ह्यांची यादी केली, तीत नागपूर लाल, म्हणजे जास्त धोक्याचा, आणि वर्धा हिरवा. त्यानंतर थोड्याच दिवसांत वर्धा जिल्ह्यातही पहिला रुग्ण सापडला आणि तिकडची माणसं जास्तच सावध झाली. म्हणजे मी लाल जिल्ह्यातून, नेमक्या सगळे धास्तावलेले असताना तिकडे जाणार होते.

"आईलाच इकडे घेऊन या," असं यांच्यासकट सगळे म्हणाले. मलाही तेच वाटत होतं. आई ऐकेना. "घरात अठरा क्विंटल कापूस हाये. तो कोणाच्या भरवशावर टाकू?"

ज्यांच्या घरी कापूस नाही त्यांच्यासाठी सांगते. लॉकडाऊन लागला तेव्हा विदर्भात हजारो घरांत कापूस पडून होता. सरकारी खरेदी थांबली, सरकी काढणारे जिनिंग कारखाने बंद पडले. हमीभाव लांब धाग्याला ५५५० रुपये क्विंटल, आणि गावात येणारा व्यापारी सांगत होता चार हजारांच्या आसपास. आईनं बाजार समितीत नाव नोंदवलं होतं, नंबर यायचा होता. नंबर आला आणि घराला कुलूप असलं तर बाबांनी पेरलेलं शेवटचं पीक मातीमोल जाणार. तिचं म्हणणं चूक नव्हतं. मग मीच जायचं ठरवलं.

तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात जायला ई-पास, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी लागायची. तिचा अर्ज पोलिसांच्या साइटवर भरायचा होता. फॉर्म इंग्रजीतच भरायचा. नाव, जायची तारीख, यायची तारीख, गाडीचा नंबर, सोबत किती जण, कारण, तुम्ही प्रतिबंधित क्षेत्रात राहता का, परतीचा प्रवास त्याच वाटेनं का. इथवर ठीक होतं. पुढे फोटो दोनशे केबीच्या आत आणि सगळी कागदपत्रं एकाच फाइलमध्ये, एक एमबीच्या आत. माझ्या मोबाइलमधला एकेक फोटो तीन-तीन एमबीचा. आमच्या गल्लीत एका पोराचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, दोन महिने शटर खालीच होतं. तो आमच्या फाटकाबाहेर उभा राहिला, मी आतून कागद व्हॉट्सॲपवर पाठवले, त्यानं तिथंच उभ्या उभ्या सगळे लहान करून एक पीडीएफ बनवून दिली. पैसे विचारले तर म्हणाला, "ताई, रोज चार-पाच जणांचं करतो. बसून तरी काय करू?" दुकानाचं भाडं त्याला चुकलं नव्हतं, हे मला माहीत होतं.

डॉक्टरांचं प्रमाणपत्रही लागायचं, सर्दी-ताप-खोकला नाही असं. आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर चुन्याचे गोल आखलेले, सकाळी नऊलाच ऊन मी म्हणत होतं. अर्धी रांग प्रमाणपत्रासाठीच आलेली. कुणाला बालाघाटला जायचं, कुणाला अमरावतीला. एक आजोबा यवतमाळला बहिणीच्या तेराव्याला निघाले होते, अंत्यसंस्काराला पोहोचता आलं नव्हतं म्हणून. ते कुणालाच काही सांगत नव्हते, फक्त डॉक्टरांनी कारण विचारलं तेव्हा बोलले.

१४ तारखेला अर्ज केला, टोकन नंबर मिळाला. तो टाकून दर दोन तासांनी पाहत राहिले. १६ ला अर्ज नामंजूर. चूक माझीच होती. प्रमाणपत्राच्या फोटोत डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक कापला गेला होता, आणि आईच्या प्लास्टरचा कागद जोडलाच नव्हता. मला वाटलं होतं, 'आजारी आई' एवढं लिहिलं की पुरे. काकूंच्या मुलीनं दवाखान्याच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला, तो जोडून १७ ला पुन्हा अर्ज केला. १९ ला सकाळी पास आला. मी प्रिंट काढून देवाजवळ ठेवली, खरंच ठेवली.

त्याच दुपारी गावच्या पोलीस पाटलांना फोन लावला. त्यांना मी लहानपणापासून काका म्हणते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, पास सरकारनं देला, गावानं नाही देला."

मला रडूच फुटलं. पण आज वाटतं, ते बरोबर बोलले. गावाच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या आणि आडवी बैलबंडी लावून पोरं पाळीपाळीनं बसत होती. गावात म्हातारी माणसं किती, आणि मोठं हॉस्पिटल किती लांब, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. बाहेरून येणाऱ्यानं जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस राहायचं, असा गावाचा नियम होता. पुण्याहून आलेली दोन पोरं तिथं होतीच. पण मी शाळेत बसले तर आईच्या हाताचं काय?

यातून वाट आईनंच काढली. ती डावा हात कमरेवर ठेवून ग्रामपंचायतीसमोर जाऊन उभी राहिली, असं काकू सांगतात. म्हणाली, "पोरीसंग मीबी घरात कोंडून घेतो. चौदा दिवस दोघीपैकी कोणी उंबरा ओलांडला तर दंड करा." सरपंचांनी गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंना विचारलं, पाटलांना विचारलं. संध्याकाळी फोन आला, "ये."

२० तारखेला पहाटे निघालो. गाडी हे चालवत होते, मी मागे बसले. वर्धा रोडवर समोरून माणसं चालत येत होती. हैदराबादकडून निघालेली, पुढे मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशात जाणारी. डोक्यावर गाठोडी, खांद्यावर पोरं. बुटीबोरीच्या पुढे एका झाडाखाली काही जण पाणी, केळी आणि चपला वाटत होते. नव्या-जुन्या चपलांचा ढीग होता आणि एक बाई आपल्या पायाला जोडी लावून पाहत होती. माझ्या पर्समध्ये पास होता, गाडीत पाण्याचा जार होता. आम्ही थांबून जार तिथं ठेवला आणि पुढे निघालो. तेवढंच करता आलं, हे अजून टोचतं.

जिल्ह्याच्या सीमेवर मांडव होता. पास पाहिला, ताप मोजला, वहीत नाव लिहिलं आणि डाव्या हाताच्या पाठीवर होम क्वारंटाइनचा शिक्का मारला. गावाच्या तोंडाशी यांनी गाडीतून न उतरता माझी पिशवी खाली ठेवली आणि तिथूनच गाडी वळवली. आमची पोरं आजीकडे यायला रडत होती, त्यांना सांभाळायला घरी कुणी तरी हवं होतंच. पहाऱ्यावरच्या पोरांनी बंडी बाजूला ओढली. एक जण ओळखीचा होता, माझ्यापासून दहा हात दूर चालत घरापर्यंत सोडायला आला.

अंगणात काकूंनी चुन्याची रेघ ओढून ठेवली होती. रेघेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे गाव.

त्या चौदा दिवसांतच नवतपा आला, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. नागपुरात घरोघरी कूलर लागतात, वाळ्याच्या ताट्या बदलतात. इथं एक पंखा, तोही लाइन असेल तेव्हा. आणि घरात कापूस. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत, माजघरात अर्ध्यावर. फार दिवस साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात, अंगाला खाज सुटते. आईच्या दंडावर, मानेवर लाल पुरळ उठलं होतं आणि प्लास्टरच्या आत खाजवता येत नव्हतं. मी विणकामाची सुई कापडात गुंडाळून प्लास्टरमध्ये घालणार होते, आशाताई रेघेपलीकडून ओरडल्या, "नको नको, जखम होईन!" मग मी पुठ्ठ्यानं प्लास्टरच्या तोंडाशी वारा घालत बसायची. रात्री दोघी अंगणात बाजेवर झोपायचो. बाबांच्या शेवटच्या दिवसांबद्दल आम्ही कधीच नीट बोललो नव्हतो, ते तिथं बोललो.

रेघेवर रोज काय काय यायचं! सकाळी पाण्याची गुंडी. दुधाचा गडवा, तो आम्ही आपल्या भांड्यात ओतून घ्यायचा आणि रिकामा उन्हात ठेवायचा. दळण. कुणाकडची आंब्याची कैरी. पोलीस पाटील रोज सायंकाळी पलीकडे उभे राहून विचारायचे, "ताप?" मी म्हणायची, "नाही काका." एक दिवस मला नुसता घसा खवखवला. मी सांगितलं. त्यांनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण दुसऱ्या दिवशी पहाटे पाचलाच रेघेवर हजर. घशाचा त्रास उन्हानंच होता, दोन दिवसांत गेला. लपवलं असतं तर त्यांना तोंड दाखवता आलं नसतं.

३ जूनला आशाताईंनी वहीत शेवटची सही घेतली. मी गुंडी घेऊन हापशीवर गेले. बायका जरा सरकून उभ्या राहिल्या, पण कुणी उठून गेलं नाही.

कापसाचा नंबर मृग लागल्यावर आला. आभाळ भरून आलेलं, त्यामुळे सगळी घाई. ज्या पोरांनी बंडी आडवी लावली होती, तीच कापूस भरायला आली. ताडपत्री पाटलांच्या घरची. गाडी हालली तेव्हा आई रिकाम्या खोलीत जाऊन उभी राहिली, डाव्या हातानं भिंतीला चिकटलेला कापूस काढत. "आवाज घुमते गं," म्हणाली.

मला परत नागपूरला यायचं तर पुन्हा पास हवा होता. या वेळी वीस मिनिटांत अर्ज झाला. तो भरताना काकू ओसरीवर येऊन बसल्या, आता रेघ नव्हती. त्यांचा मुलगा पुण्याला खोलीवर अडकलेला, कंपनी बंद, मेस बंद. मी त्याला फोन लावून कागद मागवले. फोटो आला, आधार आलं, डॉक्टरांचं प्रमाणपत्र आलं. प्रमाणपत्राचा खालचा भाग कापलेला होता.

"बाबू," मी म्हटलं, "पूर्ण कागदाचा फोटो काढ. नोंदणी क्रमांक दिसला पाहिजे."