थेम्सकाठची मेरी सीकोल

लंडनला येणारे आपले पाहुणे वेस्टमिन्स्टरच्या पुलावर हमखास थांबतात आणि बिग बेनला पाठीशी घेऊन छायाचित्र काढून घेतात. छायाचित्र झाले की पूल ओलांडून पलीकडे चला, असा माझा आग्रह असतो. पूल उतरताच उजव्या हाताला सेंट थॉमस रुग्णालय लागते आणि त्याच्या नदीकडच्या बागेत, संसदेच्या अगदी समोर, वाऱ्याला न जुमानता पुढे निघालेल्या एका धिप्पाड स्त्रीचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. तिच्या मागे ब्राँझचीच एक प्रचंड चकती उभी केलेली आहे. क्रिमियातील खडबडीत जमिनीचा ठसा घेऊन ती ओतलेली आहे. ही मेरी सीकोल. मार्टिन जेनिंग्ज यांनी घडवलेल्या या पुतळ्याचे अनावरण ३० जून २०१६ रोजी झाले. नाव असलेल्या, प्रत्यक्ष होऊन गेलेल्या कृष्णवर्णीय स्त्रीचा ब्रिटनमधील हा पहिला सार्वजनिक पुतळा मानला जातो.

मेरीचा जन्म १८०५ साली जमैकातील किंग्स्टन येथे झाला. वडील स्कॉटिश सैनिक होते. आई स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्री होती. ती खानावळीसह राहण्याची सोय चालवी आणि तिथे उतरणाऱ्या आजारी लष्करी अधिकाऱ्यांवर झाडपाल्याचे उपचारही करी. आपल्याकडे जिला वैद्यबाई म्हटले असते, तशी ती होती, आणि मेरी तिच्याच हाताखाली शिकली. जमैकात आणि पुढे पनामात पटकीच्या साथी आल्या, तेव्हा तिने रोगी सांभाळले. १८५४ साली क्रिमियात रशियाविरुद्ध ब्रिटनचे युद्ध पेटल्यावर तिने लंडन गाठले आणि परिचारिका म्हणून आपल्याला पाठवावे, यासाठी एकामागून एक कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. सगळीकडून नकार आला. आपल्या त्वचेचा रंग तर आड येत नसेल ना, ही शंका तिने पुढे १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

नकार पचवून ती स्वखर्चाने निघाली. एका भागीदाराबरोबर तिने बालाक्लावाजवळ वाहून आलेली लाकडे, खोकी आणि पत्रे जमवून 'ब्रिटिश हॉटेल' उभारले. तिथे जेवण मिळे, दारू मिळे, दुकानाचा मालही मिळे, आणि हगवणीवरचे औषधही मिळे. तोफा सुरू असतानाही ती औषधे आणि खाण्याचे जिन्नस घेऊन जखमींपर्यंत जाई. 'द टाइम्स'चा युद्धवार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल याने तिच्याविषयी आदराने लिहिले. इंग्लंडने तिला विसरू नये, ही त्याची अपेक्षा आज या स्मारकावर कोरलेली आहे. १८५६ साली युद्ध अचानक आटोपले, भरून ठेवलेला माल पडून राहिला आणि मेरी कर्जबाजारी होऊन परतली. सैनिकांनी तिच्या मदतीसाठी लंडनमध्ये चार दिवसांचा जलसा केला. १८८१ साली ती वारली, आणि रसेलने इंग्लंडकडून जी अपेक्षा केली होती तिच्या नेमके उलट घडले.

पुतळ्यासाठी वर्गणी जमवायला बारा वर्षे लागली. पण पैशांपेक्षा जागेचा वाद मोठा झाला. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने आपली परिचारिका प्रशिक्षण शाळा १८६० साली याच रुग्णालयात सुरू केली होती, तिचे संग्रहालयही याच आवारात आहे, आणि मेरीचा मात्र या रुग्णालयाशी काडीचाही संबंध नव्हता, असा नाइटिंगेलच्या चाहत्यांचा आक्षेप होता. मेरीला परिचारिका म्हणणेच चूक आहे, ती तर दुकानदार होती, असेही ते म्हणत. वस्तुस्थिती म्हणून यातील बरेचसे खरे आहे, आणि तिला 'काळी नाइटिंगेल' म्हणणाऱ्यांनी या वादाला आयतेच निमित्त दिले, असे मला वाटते. घरची चूल, दुकानाचा गल्ला आणि रोग्याची उशी या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी वावरणाऱ्या बाईला दुसऱ्या बाईच्या मापाने कशाला मोजायचे? रुग्णालयाशी संबंध नव्हता, या आक्षेपाचे उत्तर मात्र त्याच रुग्णालयाच्या कोणत्याही वॉर्डात मिळते. १९४८ नंतर राष्ट्रीय आरोग्य सेवेला मनुष्यबळ हवे होते, तेव्हा कॅरिबियन बेटांवरून हजारो तरुणी इथे आल्या. त्यांतल्या अनेकींना पूर्ण पात्रतेऐवजी दोन वर्षांच्या दुय्यम अभ्यासक्रमाकडे वळवण्यात आले. त्यावर बढती मिळणे अवघड होते आणि मायदेशी त्या प्रमाणपत्राला फारशी किंमतही नव्हती.

मेरीला शाळेच्या अभ्यासक्रमातून वगळण्याचा घाट घातला गेला, तेव्हा २०१३ च्या सुरुवातीला पस्तीस हजारांहून अधिक लोकांनी सह्या केल्या आणि ती अभ्यासक्रमात राहिली.

तिच्याआधी कृष्णवर्णीय स्त्रीचा पुतळा लंडनमध्ये मुळीच नव्हता, असे नाही. थोडे दक्षिणेला स्टॉकवेल येथे २००८ पासून बाळाला उंच धरलेल्या एका आईचा पुतळा आहे. गयानात जन्मलेल्या सेसिल नोब्रेगा यांच्या कवितेवरून तो घडला आणि त्यासाठी त्यांनीच अनेक वर्षे पाठपुरावा केला. त्याचे नाव 'ब्राँझ वुमन', म्हणजे ती कोणी एक विशिष्ट स्त्री नाही. पहिला मान अनामिकेला मिळाला आणि नाव असलेलीला आणखी आठ वर्षे थांबावे लागले. कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र काढणारी आणि १९५९ साली लंडनमध्ये कॅरिबियन कार्निव्हल भरवणारी क्लॉडिया जोन्स हायगेटच्या दफनभूमीत कार्ल मार्क्सच्या शेजारी विसावली आहे. मार्क्सला पाहायला आलेल्यांपैकी फार थोडे तिच्या दगडापाशी थांबताना मी पाहिले आहेत.

मराठी पाहुण्यांना मी वॉरिक अव्हेन्यू स्थानकाजवळच्या हॉवली प्लेस येथेही नेतो. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये तिथल्या ज्या घरात राहिले, त्यावर लंडनमध्ये नामवंतांच्या घरांवर लावतात तशी निळी पाटी आहे आणि तिच्याखाली उभे राहताना प्रत्येकाची मान आपोआप ताठ होते. वॉरिक अव्हेन्यूहून भुयारी रेल्वेच्या बेकर्लू मार्गावर चार स्थानके पुढे केन्सल ग्रीन आहे. तिथल्या सेंट मेरीज कॅथलिक दफनभूमीत मेरीची कबर आहे. ती कित्येक दशके दुर्लक्षित पडली होती. सरकारने नव्हे, तर राष्ट्रकुलातील परिचारिकांच्या निधीने आणि लंडनमधील जमैकन स्त्रियांच्या मंडळाने १९७३ साली तिचा जीर्णोद्धार केला, म्हणजे पुतळ्याच्या त्रेचाळीस वर्षे आधी. दगडावर तिचे गाव किंग्स्टन लिहिले आहे, पनामा आणि क्रिमिया लिहिले आहे, आणि तिची ओळख म्हणून 'नामवंत परिचारिका' असे लिहिले आहे. हे शब्द वाचल्यापासून, ती परिचारिका होती की दुकानदार, या वादात मी पडत नाही.