कास पठार: फुलांआधी कातळ बघा

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला बुधवार, आभाळ भरलेलं, पाऊस थांबून थांबून. फोटोसाठी कासला याहून बरा दिवस मिळणं कठीण. शनिवार-रविवार टाळाच, यवतेश्वराच्या घाटात गाड्यांची रांग लागते आणि पठारावर फुलांपेक्षा छत्र्या जास्त दिसतात. हंगामात बुकिंग करूनच निघावं, सकाळची पहिली वेळ मिळाली तर उत्तम. साताऱ्यापासून अंतर २५ किलोमीटरच्या आसपास, पण घाटात धुकं असतं, तेव्हा तासभर धरा.

घाट लागताच एसी बंद करून काचा खाली घ्या. गार पडलेली लेन्स दमट हवेत काढली की लगेच धुरकटते. पुसून उपयोग नाही. काच बाहेरच्या हवेइतकी कोमट होईपर्यंत ती पुन्हा पुन्हा धुरकटणार.

पोहोचल्यावर पहिला अर्धा तास कॅमेरा बॅगेतच राहू द्या. खाली जांभ्याचा सपाट कातळ आहे आणि त्यावर मातीचा थर: कुठे बोटभर, कुठे वीतभर, कुठे माती नाहीच, नुसतं साचलेलं पाणी. फुलांचे रंग या थराप्रमाणे बदलतात. पाणी झिरपतं तिथे सीतेच्या आसवांची निळी-जांभळी झाक आणि गेंदाचे पांढरे गोंडे. माती जाडावली की गुलाबी तेरडा आणि पिवळी सोनकी. उताराकडे कारवी, पण टोपली कारवीचा बहर ७ वर्षांनी एकदा, त्यामुळे तिच्या भरवशावर जाऊ नये. निळ्या आणि गुलाबी पट्ट्यांमधली हद्द म्हणजे मातीच्या खोलीची हद्द. ती एकदा दिसली की तिच्या टोकाशी उभं राहा. मग ती फ्रेमच्या कोपऱ्यातून आत शिरते आणि नजर आपोआप मागे जाते. हद्द समोर आडवी ठेवून उभं राहिलात तर नुसते रंगांचे पट्टे हाती लागतात.

डबक्यांच्या काठी गुडघ्यावर बसा. सीतेची आसवं कीटकभक्षी आहेत. जांभ्यावरच्या निकस मातीत नत्राची उणीव ती मुळाशी असलेल्या बारीक फुग्यांत जीव पकडून भागवतात. आसपासच दवबिंदू या दुसऱ्या कीटकभक्षी रोपाची चिकट पानंही सापडतात, मात्र उभ्याने ती दिसत नाहीत.

आता कॅमेरा. फुलफ्रेमवर, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, २४ मिमी लेन्स, छिद्र एफ/११ आणि फोकस १.८ मीटरवर ठेवलं की साधारण ९० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. खरी अडचण वाऱ्याची. फुलं डोलत असताना शटर १/२५० सेकंद तरी हवाच. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० पर्यंत नेला तरी चालेल, थोडे दाणे परवडतात, हललेली फुलं नाही. वाऱ्यात फोकस स्टॅकिंगचा (वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम जोडण्याचा) नाद सोडा, दोन फ्रेम जुळत नाहीत. रॉ मध्येच काढा, म्हणजे रंग नंतर बदलता येतात, कारण कॅमेऱ्याने रंग स्वतः ठरवला की, म्हणजे ऑटो व्हाइट बॅलन्सवर, जांभळ्याचं सरळ निळं होतं. ढगाळ उजेडात व्हाइट बॅलन्स ६००० केल्व्हिन ठेवून बघा. सोनकीच्या पिवळ्यातला लाल घटक (लाल चॅनल) लवकर फुटतो, म्हणजे त्यातले बारकावे जातात, म्हणून एक्सपोजर दोन तृतीयांश स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). धुक्यात याच्या उलट, एक स्टॉप जास्त. नाहीतर धुकं राखाडी होतं. आकाश पांढरंफटक असेल तर त्याला फ्रेमच्या वरच्या सहाव्या भागाहून जास्त जागा देऊ नका.

पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिरता फिल्टर, ढगाळ आकाशाला काही करत नाही, पण ओल्या पानांवरची चकाकी काढतो आणि हिरवा रंग परत येतो. कुमुदिनी तळ्यावर तर तो हवाच. कॅमेरा पाण्याकडे अंदाजे ३५ अंश झुकवून फिल्टर हळूहळू फिरवा. वरचं पांढरं प्रतिबिंब विरघळतं आणि पानांखालचे देठ दिसू लागतात. अगदी सरळ खाली किंवा अगदी आडवं धरलं तर फरक पडत नाही. दीड-दोन स्टॉप उजेड जातो, हे हिशेबात धरा.

पायवाट सोडू नका. ट्रायपॉडचे पाय पूर्ण पसरून वाटेच्या कडेलाच बसवले तरी फुलांच्या उंचीचा कोन मिळतो. त्याहून आतलं हवं असेल तर ७०-२०० मिमीची झूम लेन्स. तुडवलेली जागा पुढच्या माणसाच्या फ्रेममध्ये तपकिरी डाग होऊन येते. ड्रोन घरीच बरा.

कंदी पेढे साताऱ्यात परतल्यावर खा. तुपकट बोटाचा ठसा फिल्टरवरून सुक्या कापडाने निघत नाही, नुसता पसरतो. खोलीवर पोहोचताच बॅग रिकामी करून पंख्याखाली ठेवा आणि लेन्सची झाकणं काढून ठेवा. ओली बॅग बंद राहिली तर पावसाळ्यात काचेवर बुरशी धरायला फार वेळ लागत नाही.