विहिरीतून मोटर काढताना जमलेला कप्प्यांचा हिशोब : माझा अनुभव

धुळे तालुक्यात पांझरा नदीपासून थोडे आत आमची शेती आहे. कांद्याला पाणी देणे चालू असताना विहिरीतील पाणबुडी मोटर बंद पडली, आणि चेन कप्पी घेऊन येणारा मिस्त्री त्या आठवड्यात मोकळा नव्हता. मी शाळेत विज्ञान शिकवतो. म्हणून घरातल्या दोराने आणि मागून आणलेल्या कप्प्यांनी ती मोटर आम्हीच काढावी असे ठरवले.

पहिले काम वजनाचा अंदाज घेण्याचे होते. मोटर पंपासह 45 किलोची. त्यावर दोन इंची लोखंडी पाइपचे दहा फुटांचे पाच तुकडे, म्हणजे 15 मीटर. या पाइपचे वजन मीटरला साधारण पाच किलो धरले, तर 75 किलो झाले. पंपावरचा व्हॉल्व्ह पाणी मागे जाऊ देत नसल्यामुळे पाइप भरलेलाच असतो, आणि दोन इंची पाइपमध्ये मीटरमागे सुमारे दोन लिटर पाणी मावते. ते 30 किलो. असा एकूण भार 150 किलोच्या घरात गेला.

विहिरीवर लोखंडी पाइपांची तिपाई उभी करून वर एकच कप्पी टांगली असती, तर ती स्थिर कप्पी फक्त ओढण्याची दिशा बदलते. 150 किलोसाठी खालून तेवढाच, किंबहुना घर्षणामुळे थोडा जास्तच जोर लावावा लागला असता. माणूस दोराला लोंबकळला तरी स्वतःच्या वजनापेक्षा जास्त जोर खाली देऊ शकत नाही, त्यामुळे दोन माणसांना ते जमणारे नव्हते. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. स्थिर कप्पीच्या एका बाजूला भार आणि दुसऱ्या बाजूला आपली ओढ अशा दोन्ही वजनांचा ताण तिपाईवर येतो, म्हणजे 150 किलो उचलताना तिपाईला 300 किलोपेक्षा जास्त पेलावे लागते. तिपाई कोसळण्याचे प्रसंग घडतात ते बहुधा हा हिशोब न केल्यामुळे.

म्हणून आम्ही दोन चाकांची एक कप्पी वर आणि तशीच दुसरी खाली, पाइपच्या क्लॅम्पला, अशी जोडणी केली. दोराचे एक टोक वरच्या कप्पीला बांधून तो खालच्या आणि वरच्या चाकांवरून आळीपाळीने घेतला, तेव्हा भार दोराच्या चार पदरांवर वाटला गेला. प्रत्येक पदरावर चौथा हिस्सा, म्हणजे साडेसदतीस किलो. तिपाईवरचा ताणही 200 किलोच्या आत आला. तिपाईचे पाय जमिनीत रोवून एकमेकांना साखळीने बांधले, आणि स्टार्टरच्या पेटीतले फ्यूज काढून खिशात ठेवले.

तरुणपणी मोट हाकलेले आमचे आबा शेजारी बसून पाहत होते. त्यांनी विचारले, "इतला दोर कसाले?" प्रश्न नेमका होता. पाइप तीन मीटर वर यायचा, तर चारही पदर तीन-तीन मीटरने आखडायला हवेत, म्हणजे 12 मीटर दोर ओढावा लागतो. जोर चौपट कमी होतो आणि अंतर चौपट वाढते; काम तेवढेच राहते. आबांच्या मोटेचे चाक ही स्थिर कप्पीच होती. तिथे बैल धावेवरून उताराला चालत, त्यामुळे त्यांचे स्वतःचे वजनही ओढीला मिळत असे.

कपाशी मोजायचा लटकता काटा आम्ही ओढायच्या टोकाला अडकवला. मोटर पाण्यात बुडालेली असल्यामुळे पाणी तिला थोडे उचलून धरते, त्यामुळे सुरुवातीला काट्यावर 42 किलोच दिसले. पाइप वर येत गेला तसे ते 45 पर्यंत चढले. चौथ्या हिश्शापेक्षा हे जास्त आहे, कारण चार चाकांपैकी प्रत्येक चाक घर्षणापोटी थोडे बल खाते. याच कारणाने चाके वाढवत नेण्यात एका मर्यादेपुढे अर्थ उरत नाही. नायलॉनचा दोर आधी ताणला जातो आणि मग भार हलतो, तेवढी ओढ वाया जाते हेही लक्षात आले.

प्रत्येक तुकडा वर आला, की खालच्या पाइपला दुसरा क्लॅम्प आवळून तो विहिरीवरच्या गर्डरवर टेकवायचा, भार गर्डरवर बसला याची खात्री करायची आणि मगच वरचा पाइप सोडवायचा. या क्रमात घाई करू नये.

मोटर दुरुस्त होऊन आली आणि ती सोडताना घर्षण आमच्या बाजूने आले. चार पाइप जोडलेले आणि मोटर अजून पाण्याच्या वर असताना पाइप रिकामेच होते, त्यामुळे भार 105 किलो होता. त्याचा चौथा हिस्सा सव्वासव्वीस किलो, पण काट्यावर 21 किलोच दिसत होते. उचलताना आपल्याविरुद्ध जाणारे घर्षण आता भार धरून ठेवायला मदत करत होते. तरीही हात सुटू नये म्हणून दोराचे टोक बाभळीच्या बुंध्याला दोन वेढे देऊन हळूहळू सोडले.