फरशी फसफसली

पुण्यात गाळाचे खडक शिकवायचे म्हणजे पंचाईत. पर्वती, वेताळ टेकडी, सिंहगड, कुठेही जा, सगळीकडे बेसॉल्टच, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. म्हणून एम.एस्सी.च्या मुलांना मी कलबुर्गीकडे, भीमा बेसिन, म्हणजे गाळाचे खडक साचलेला जुना खोलगट भाग, दाखवायला नेते. त्या ऑगस्टमध्ये पावसाने सहल रद्द झाली. मुलं हिरमुसून प्रयोगशाळेत बसली होती.

नमुने तपासताना एकाच्या हातून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब खाली सांडले.

"मॅडम, फरशी फसफसतेय!"

शहाबादी फरशी! आम्लाने फसफसतो तो चुनखडक, आणि शहाबाद भीमा बेसिनमधलंच. जो चुनखडक बघायला आम्ही एवढ्या लांब जाणार होतो, त्याच्यावरच उभे होतो. सगळ्यांना व्हरांड्यात नेलं. जोत्याच्या काळ्या दगडावर थेंब टाकला, काही नाही. वरच्या फरशीवर टाकला, बुडबुडे. पायरीची एक कड तुटलेली होती. भिंगातून तिच्यात केसाएवढे थर दिसले. उथळ समुद्रात साचलेला चुन्याचा चिखल तो. या थरांमुळेच खाणीत पहार घातली की फरशी सपाट सुटून येते. एका जागी करवतीच्या दातांसारखी काळपट रेघ होती. स्टायलोलाइट! वरच्या दाबाने चुना विरघळून गेला, न विरघळणारी माती तेवढी उरली. वर्षानुवर्षं ही रेघ मी फळ्यावर काढत आले आहे. त्या दिवशी मुलांनी तिच्यावरून बोट फिरवलं.

"आजी ओट्यावर लिंबू कापू देत नाही, कडप्प्याला डाग पडतात म्हणते," एक मुलगी म्हणाली. तोही चुनखडकच, कडप्पा बेसिनचा. आजीचं निरीक्षण अचूक आहे.

मग तिनेच विचारलं, "भीमा बेसिन पश्चिमेला बेसॉल्टखाली शिरतं ना? मग इथे, आपल्या खालीही असेल का?"

या प्रश्नापाशी मी स्वतः कित्येक वर्षं घुटमळते आहे. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल विंधन केलं, तेव्हा साधारण 930 मीटर बेसॉल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइटच लागला. मधे गाळाचा खडक नाही. म्हणजे बेसिन तिथवर पोचलंच नसेल, किंवा लाव्हा येण्याआधी झिजून गेलं असेल.

"आणि मधल्या पट्ट्यात?"

गुरुत्वमापनात खडकांच्या घनतेतला फरक कळतो, म्हणून त्याने बेसॉल्टचा तळ धरता येतो. पण चुनखडक आणि ग्रॅनाइट यांची घनता जवळजवळ सारखी, तिथे घोडं अडतं. मी नकाशा जमिनीवर पसरला. कलबुर्गी आणि कोयना यांच्यामध्ये खडूने रेघ ओढून तिने विचारलं, "पहिलं विंधन कुठे घ्यायचं?" प्रत्येकाने वेगळी जागा दाखवली. शिपाईमामा कुलूप लावायला आले तेव्हाही वाद चालूच होता.